आई होडीत बसतात

पाहुणे जेवून खोल्यांत गेले की मी ओटीवरच्या चटईवर कलंडते. उन्हं कलली की खाडीतले पक्षी दाखवायची फेरी आहे, तोवर पाठ टेकायची. डोळे मिटले तरी अंग होडीत असल्यासारखं डुलत राहतं. सकाळपासून ओरडून घसा बसलाय. "तो बघा, उजवीकडे! पाठ दिसली ना? थांबा, परत येईल." नवरा, दिगंबर, इंजिनवर असतो, बोलायचं काम माझं. डॉल्फिन दाखवायचे, समुद्री गरुडाचं घरटं दाखवायचं, गळ टाकून मासे कसे धरतात ते दाखवायचं, आणि घरी येऊन सगळ्यांना रांधून वाढायचं. पूर्वी रांधायचं आईंकडे होतं. आई म्हणजे माझ्या सासूबाई. गेल्या भादव्यात तापाचं निमित्त झालं आणि त्या गेल्या.

डोळा लागतो न लागतो तोच ओटीखाली पाणी वाजतं.

चटईच्या टोकाला आई बसल्यात. ओटी संथ डुलतेय, अंगणातली तुळस मागे मागे जातेय. मला त्याचं नवल वाटत नाही. आईंनी लुगड्यावर लाइफ जॅकेट उलटं घातलंय. मी बंद सोडते, सरळ घालते.

"आई, तुमी खंय चललास?"

"बगूक," त्या म्हणतात. "सगळ्यांका दाखयतंस. माका कोण दाखयतलो?"

आईंनी जन्मभर मासे विकले. होड्या लागत तिथेच वाळूत बसायच्या, पण गिऱ्हाइकाकडे तोंड आणि समुद्राकडे पाठ. आमच्या वाडीत बायका होडीत चढत नसत. मी चढले तेव्हा बोलणारे बोलले. आई दारात उभ्या राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशा म्हणाल्या होत्या, "माजी सून आसा. बुडली तर मी बगतलंय."

आता दोन्ही बाजूंना बायका माशांच्या पाट्या घेऊन पाण्यावरच बसल्यात. होडी त्यांच्यामधून जाते. मान वर करून कोणी बघत नाही. इंजिन थांबतं. होडीच्या मधोमध आमचं स्वयंपाकघर, चुलीवर भाताचा टोप. मी ढवळते, भात वाढतच जातो, काठावरून समुद्रात सांडतो.

"आई, माज्याच्यान होणा नाय. मी दमलंय."

"माका कित्याक सांगतंस? मी मेलंय." रागावून नाही, पावसापाण्याचं बोलावं तसं त्या बोलतात. "मीय दमलेलंय. कोणाक सांगलंय नाय. पोटातच ऱ्हवला."

इतक्यात होडीला लागून एक करडी पाठ वर येते. मी "तो बघा" म्हणायला तोंड उघडते, आवाजच फुटत नाही. मग आईंची हनुवटी धरते आणि लहान पोराचं वळवावं तसं त्यांचं तोंड समुद्राकडे वळवते. पाठ पुन्हा वर येते. फुस्स करून श्वास सुटतो. मागोमाग पिल्लू.

आई बघत राहतात. त्यांचा चेहरा मी कधी इतका मोकळा पाहिलेला नाही.

"ता पण दम घेवक वर येता," त्या म्हणतात. मग माझं मनगट घट्ट धरतात. "आणि तू गो? सांग दिगंबराक."

"अगो, ऊठ. पाव्हणे खाली जमलेत."

दिगंबर पायाशी उभा आहे. ओटी जागच्या जागी आहे.

"आज मी येवचंय नाय," मी म्हणते. आवाज फाटलेला आहे, पण येतो.

"बरा नाय काय?"

"बरा आसा. दमलंय. रोजचा होणा नाय माज्याच्यान."

तो माझ्याकडे बघतो. "पड तू," म्हणतो. "बोलतलंय मी, काय ता." पायऱ्या उतरतो. थोड्या वेळाने खालून त्याचा अवघडलेला आवाज येतो, "तर मंडळी... खाडीत ना... बगळे असतात." कोणीतरी हसतं. होडी सुरू होऊन लांब जाते.

मी डोक्याखाली हात घ्यायला जाते, तर मनगटावर अंगठ्याएवढा काळा डाग. नाकाशी नेते. मशेरी. जळक्या तंबाखूचा तो वास ओळखायला वेळ लागत नाही. आई गेल्यापासून घरात कोणी मशेरी लावत नाही.

मी हात छातीशी धरते आणि कुशीवर वळते.