टिपणीसांचं नऊ ते एक

"काय करता?" असं कुणी विचारलं की आनंद टिपणीस सांगतात, "यंत्राजवळ बसतो." ऐकणाऱ्याला हा विनय वाटतो, पण ते खरंच आहे. पंचवीस वर्षं ते जमीनमोजणीच्या कामात आहेत. उपग्रहांवरून जागेचा नेमका ठाव घेणारा रिसीव्हर ट्रायपॉडवर उभा करायचा आणि त्याच्या नोंदी पुऱ्या होईपर्यंत चार-चार तास त्याची राखण करायची. या राखणीपायी मुलाची मुंज त्यांनी फोटोत पाहिली.

मग नवा रिसीव्हर आला. याला आदल्या दिवशी वेळ लावून दिली की ठरल्या वेळी आपणच सुरू होतो आणि आपणच बंद होतो. टिपणीसांनी ऑफिसातल्या पोरांना व्याख्यान झोडलं, "यंत्रावर विश्वास टाकायला शिका रे!" लोका सांगे ब्रह्मज्ञान!

त्याच रविवारी सकाळी अकराला डोंबिवलीत त्यांच्या पत्नीच्या, वासंतीबाईंच्या मंडळाचं नाटक होतं. बावन्नाव्या वर्षी त्या पहिल्यांदा रंगमंचावर उभ्या राहणार होत्या. दुसऱ्या अंकात एकच प्रवेश, पण तो अख्खा त्यांचा. तीन महिने पोळ्या लाटता लाटता पाठांतर चाललं होतं.

"या वेळी तरी याल ना?"

"पहिल्या रांगेत बसतो की नाही बघ."

नेमक्या त्याच दिवशी शहाडला, नदीकाठच्या पंपहाउसच्या गच्चीवर, नऊ ते एक अशा सलग चार तासांच्या नोंदी हव्या होत्या. टिपणीसांनी शनिवारी संध्याकाळीच यंत्र उभं केलं. त्याला ग्रीनिचची वेळ लागते, म्हणून आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करायचे. नऊचे साडेतीन. बोटांवर तीनदा मोजून त्यांनी वेळ लावली, वॉचमन विश्रामला सांगितलं, "वर कुणाला सोडू नकोस," आणि शीळ घालत घरी आले.

रविवारी ते खरोखर पहिल्या रांगेत बसले. पडदा वर गेला आणि यांना शंका आली. साडेतीन पहाटेचे घातले की दुपारचे? दुपारचे घातले असतील तर यंत्र रात्री नऊला जागं होणार! पहिला अंक त्यांनी बोटं मोजण्यात घालवला. मध्यंतर होताच बाहेर येऊन फोन लावला.

"विश्राम, यंत्राचा दिवा लुकलुकतोय का?"

"हो साहेब, मस्त लुकलुकतोय."

"कुठला?"

"हिरवा."

"अरे, हिरवे दोन आहेत! डावा की उजवा?"

"साहेब, तुमच्या डावीकडून बोलताय की माझ्या?"

टिपणीसांनी रिक्षा केली. वीस मिनिटांत जाऊन येतो, असं त्यांनी स्वतःला बजावलं. डोंबिवलीहून शहाडला वीस मिनिटांत जाऊन येणार! आणि हा माणूस अंतरं मोजून पोट भरतो.

बारा पस्तीसला ते धापा टाकत गच्चीवर पोचले. यंत्र गुपचूप नोंदी घेत होतं, नऊच्या ठोक्यापासून, एकही सेकंद न चुकवता. टिपणीसांचा जीव भांड्यात पडला. त्या आनंदात ते वळले आणि त्यांचा बूट ट्रायपॉडच्या पायावर बसला. यंत्र बोटभर सरकलं. झालं! तिथून पुढच्या नोंदी कचऱ्यात. त्या दिवशी यंत्राजवळ एकच अडाणी माणूस फिरकला आणि त्याला विश्रामने साहेब म्हणून वर सोडलं होतं.

ते परतले तेव्हा नाट्यगृह रिकामं झालं होतं. वासंतीबाई पायरीवर उभ्या होत्या, तोंडावर रंग तसाच.

"अर्ध्या प्रवेशापर्यंत वाटत होतं, चहाच्या रांगेत अडकला असाल," त्या म्हणाल्या. "यंत्र चाललं का?"

"चाललं. मी जाईपर्यंत." टिपणीसांना जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. काहीतरी बोलायचं म्हणून ते बोलून गेले, "पुढच्या रविवारी परत लावता येईल."

"तुमचं येईल हो," वासंतीबाई म्हणाल्या. "आमचा प्रयोग एकच होता."