मामांच्या बाइकचा चेसिस नंबर मीच घासला

मंडळी, आज बीडच्या आरटीओत लई वाईट झालं.

माझे मामा मस्कतला नोकरीला होते. परत येताना त्यांनी आपली बाइक जहाजानं आणली अन् मुंबईहून टेम्पोनं माझ्याकडं पाठवली. मला बाइकचं वेड, म्हणून पासिंगचं मीच बघणार होतो.

पासिंगला चेसिस नंबरवर, म्हणजे हँडलखाली सांगाड्यावर कोरलेल्या नंबरवर, कागद ठेवून पेन्सिल फिरवतात, म्हणजे नंबर कागदावर उमटतो. आमच्या नंबरवर ग्रीस अन् धूळ बसली होती. दुष्काळात वॉशिंग सेंटर बंद, टँकरचं पाणी गाडीला कोण देणार? मग ऊस नसल्यानं बंद पडलेल्या सहकारी कारखान्याच्या वर्कशॉपमधून मी पॉलिश पेपर आणला अन् नंबर घासून चकचकीत केला.

आज मामांना घेऊन गेलो, तर आरटीओच्या साहेबांनी वाकून नंबर बघितला. "नंबर कामून घासला?"

"नीट उमटावा म्हणून, सर."

"चोरीच्या गाडीवाले बी हेच करतेत."

मागून कुणीतरी हसलं, "भारीतला चोर हाय बे."

कागद सगळे खरे, तरी तपासणीसाठी बाइक ठेवून घेतली.

येताना एसटीत मामा माझ्याकडं सरकले. हळूच म्हणाले, "खरं सांग, ती गाडी माझीच हाय ना? बदलली तर न्हाई?"

माझ्या मोबाइलमध्ये टाकीचे, सायलेन्सरचे ढीगभर फोटो आहेत. नंबरचा एकही न्हाई.

टेम्पोतून बाइक उतरवताना मी या ग्रुपवर लाइव्ह केलतं. कुणाकडं स्क्रीनशॉट हाय का, हँडलखालचा नंबर दिसणारा? साहेबांना नंतर दाखवीन. आधी मामांना दाखवायचाय.