मापाच्या वहीतलं माझं पान

एस.टी. सुटायला दहा मिनिटं उरली होती आणि आण्णा नगरच्या स्टँडवर बाकावर बसून माझ्या कोटाची बाही उसवत होते. त्र्याहत्तर साल होतं. मी निघाले होते इंग्लंडला, डॉक्टरेट करायला, आणि माझ्या वडिलांना ऐन वेळी दिसलं होतं की बाही अर्ध्या इंचाने आखूड झालीय. आत दाबलेलं कापड त्यांनी सोडलं, नवी घडी घातली आणि टाके घालायला लागले. कंडक्टर ओळखीचा होता. "मास्तर, गाडी पुन्याला पोचायची हाय," तो म्हणाला. आण्णांनी मान वर केली नाही. "पोचंल. पोरगी तिकडं थंडीत हात आखडून बसंल, त्याचं काय?" शेवटचा दोरा त्यांनी दाताने तोडला आणि गाडी पाच मिनिटं उशिरा हलली. वाटेतलं सुपा गाव मागे पडेपर्यंत मी ती बाही धरून रडत होते.

वाचणाऱ्यांपैकी तुम्ही जे आपल्या नगरजवळच्या भिंगारला राहिलात, त्यांना आण्णांचं दुकान ठाऊक आहे. जे माझ्यासारखे उठून दूर आले, त्यांच्यासाठी सांगते. आण्णा मूळचे पारनेरच्या बाजूचे. कोरडवाहू जमिनीत भावाभावांचं भागेना म्हणून शिवणकाम शिकले आणि भिंगारच्या बाजारात मशीन टाकलं. गिऱ्हाईक बरंचसं लष्कराच्या छावणीतलं. आई शेजारी बसून काज-बटण करायची. इतर मास्तर टेप लावून आकडे ओरडायचे आणि कारागीर लिहून घ्यायचा, त्यामुळे कोणाचं पोट सुटलंय ते रस्त्यावरच्यालाही कळायचं. आण्णा गुपचूप माप घ्यायचे, कानावरची पेन्सिल काढायचे आणि स्वतः लिहायचे. एका गिऱ्हाइकाला एक पान. ती लाल वही उघडायची परवानगी मलासुद्धा नव्हती.

एकाहत्तरच्या लढाईच्या दिवसांत साध्या कपड्यातला एक अधिकारी दुकानात आला. छावणीच्या आसपास कोणीतरी खोटा गणवेश घालून फिरतंय असा संशय होता. गेल्या दोन महिन्यांत खाकी कपडे कोणी कोणी शिवून घेतले, ते बघायला त्याला अख्खी वही हवी होती. आण्णांनी चहा सांगितला, स्टूल पुसून पुढे केलं आणि वहीवर हात ठेवला. "साहेब, ज्याच्यावर वहीम हाय त्याचं नाव लिवून आना. त्याचं पान दावतो. बाकीच्यांनी काय केलंय?"

अधिकारी तणतणत गेला. मास्तर देशाच्या कामात आडवा येतो, असा बाजारभर बभ्रा झाला. मी तेव्हा नगरला एम.ए. करत होते, आणि मला कॉलेजात तोंड दाखवायची चोरी झाली. घरी येऊन मी आण्णांशी भांडले. त्याच आठवड्यात ते आघाडीवर निघालेल्या जवानांची बटणं फुकट लावून देत होते, तेही मला आठवलं नाही. त्यांनी आठवण करून दिली. "बटनं माजी हायती, ती देशाला दिली," ते म्हणाले. "मापं माजी न्हाईत."

दोन दिवसांनी तोच अधिकारी कागदावर एक नाव लिहून घेऊन आला. आण्णांनी ते पान उघडलं आणि समोरच्या पानावर वर्तमानपत्र ठेवलं. अधिकाऱ्याने हवं ते उतरवून घेतलं, आणि जाताना आण्णांना नमस्कार केला. त्या गिऱ्हाइकाचं पुढे काय झालं, ते आम्हाला कधी कळलं नाही.

माझ्या प्रबंधाचा विषय त्या दुकानातच ठरला होता, हे मला मागाहून उमगलं. देशाच्या सुरक्षेसाठी सरकारने धंदेवाल्यांकडच्या नोंदी वापराव्यात, पण कुठवर? विमानाची तिकिटं, हॉटेलांची रजिस्टरं, टेलिफोनची बिलं मी चाळत होते. खोलीएवढे कॉम्प्युटर आणि भोकं पाडलेली कार्डं तेव्हा अशा नोंदींसाठीही वापरू लागले होते, आणि सगळ्यांची सगळी पानं एकदम उलटायची सोय होऊ घातली होती. माझ्या गाईड बाई मोठ्या कडक. "तुझ्या वडिलांची गोष्ट चांगली आहे," त्या म्हणाल्या, "पण गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे. वही कुठे आहे?" पुरावा नसेल तर आण्णांच्या वहीवरचं प्रकरण गाळावं लागणार होतं, आणि प्रबंधाचा सगळा डोलारा त्याच प्रकरणावर उभा होता. मी घरी पत्र टाकलं, की वही रजिस्टर पोस्टाने पाठवा. पोरीच्या डॉक्टरेटसाठी बाप एवढं करणारच, अशी माझी खात्री होती.

दीड महिन्याने पाकीट आलं. आत वही नव्हती. आण्णांनी लिहिलं होतं, "चि. कुसुमला आशीर्वाद. साहेबाला न्हाई दिली ती वही तुला कशी देऊ? तुजं पान तेवढं धाडतो. त्याच्यावर तुजा हक्क हाय. वहीचं पान जल्मात पैल्यांदा फाडलं."

पहिलीतल्या झग्यापासून कोटापर्यंत मी त्या एका पानावर होते. शेवटच्या ओळीत बाहीचा आकडा खोडून अर्धा इंच वाढवला होता. म्हणजे स्टँडवरून परत जाऊन त्यांनी तो सुधारला होता. पानाच्या मागे दुसऱ्या कोणाचं माप असणार, कारण त्यावर खळ लावून जाड कागद चिकटवला होता. उजेडाकडे धरून बघायचा मोह झाला. बघितलं नाही.

दोन दिवस मी आण्णांवर धुमसत होते. मग ते प्रकरण नव्याने लिहायला बसले. वहीत काय होतं ते सोडून दिलं आणि ती कशी दाखवली ते लिहिलं: नाव लेखी घेतलं, पान एकच उघडलं, बाकी झाकलं. तोंडी परीक्षेत पुरावा मागितला तेव्हा मी माझं पान टेबलावर ठेवलं. एका परीक्षकांनी ते उलटं केलं, चिकटवलेल्या कागदाच्या कोपऱ्याला नख लावलं, आणि हात मागे घेतला. मग त्यांनी पान माझ्याकडे सरकवलं. शिंपीकाम करणाऱ्याच्या मुलीला डॉक्टरेट मिळाली आणि त्याच्या कामामुळेच मिळाली, हे मी तेव्हापासून ज्याला त्याला अभिमानाने सांगत आलेय.

आज माझ्या फोनला माझी पावलं, औषधं, बुटांचा नंबर सगळं माहीत आहे, आणि तो ते कोणाकोणाला दाखवतो देव जाणे. आण्णा नाहीत, आईही नाही. दुकानाच्या जागी दुसरं काही आलंय. तरी घर म्हटलं की मला डॉक्टर होऊन पहिल्यांदा परत गेले तो दिवस आठवतो. मी पाया पडून उठले तोच आण्णांनी गळ्यातला टेप काढला. इंग्लंडच्या लोण्या-पावावर मी चांगलीच भरले होते. त्यांनी माप घेतलं, नवं पान काढलं, वर माझं नाव लिहिलं आणि खाली आकडे. आई काज करता करता म्हणाली, "किती सुटली वो पोरगी?"

आण्णांनी वही मिटली. "तिलाच इच्यार," ते म्हणाले. "पान तिचं हाय."