दादाला विचारलेला प्रश्न

कपाट आवरताना मी कॅसेटींच्या दोन याद्या केल्या, ठेवायच्या आणि टाकायच्या. दादाच्या रॉक बँडची रेडिओवरची जुनी मुलाखत अर्थातच पहिल्या यादीत. आज आम्ही दोघांनी ती ऐकली आणि माझं डोकंच फिरलं.

निवेदिकेने दादाला विचारलं, "ड्रमचा हा ठेका तुम्हाला कसा सुचला?"

"ते मी सांगतो," रेकॉर्डचे निर्माते म्हणाले. गायकाला विचारलं, गिटारवाल्याला विचारलं, तरी उत्तर त्यांचंच. वाजवायचं या तिघांनी आणि सुचायचं मात्र त्या एकट्याला! अख्ख्या मुलाखतीत दादाचे शब्द दोनच, "नमस्कार" आणि "धन्यवाद".

"तू गप्प कसा बसलास रे?"

"अगं, मोठा माणूस. आमची रेकॉर्ड काढत होता."

म्हणून काय दुसऱ्याच्या तोंडचं उत्तर पळवायचं? ज्याला ठाऊक असतं त्याला बोलू द्यायला लोकांचं काय जातं? मी तावातावाने बोलत होते आणि मध्येच थांबले. परवा डॉक्टरांनी दादाला विचारलं होतं, "कुठे दुखतंय?" तेव्हा पर्समधून त्याच्या दुखण्यांची यादी काढून वाचणारी मीच होते.

मी टेप बंद केला. "सांग, कसा सुचला ठेका?" एवढं विचारून तोंड मिटून घेतलं.

दादाने टेबलावर बोटं ठेवली आणि तो ठेका धरला.