काकांच्या काठीवरची लाल रेघ

आमच्या कारपूलचे किस्से कोणी मुद्दाम जमवले नाहीत. रोज सव्वा तास नोएडा ते दिल्ली एकाच छोट्या गाडीत कोंबून बसलं की ते आपोआप साठतात. त्यात पावसाळा असला, तर बघायलाच नको!

गाडी गोखलेकाकांची. नोएडात नवे सेक्टर उठत होते, ऑफिसात नवे कॉम्प्युटर येत होते आणि काकांनी आयुष्यातली पहिली गाडी घेतली होती. सोबत साताऱ्याचा शेख आणि पुण्याहून नुकतीच आलेली मी.

*

पहिल्याच पावसात रेल्वेपुलाखाली पाणी तुंबलं. समोरची बस आरामात पार झाली. "बस गेली, म्हणजे आपणही जाऊ!" म्हणत काकांनी गाडी घातली. बसची चाकं केवढी आणि आपली केवढी, हे मध्यावर इंजिन बंद पडल्यावर लक्षात आलं. ढकलून बाहेर काढली, तर काका लगेच किल्ली फिरवायला निघाले. शेख ओरडला, "काका, नको! इंजिनात पाणी गेलं असेल. आधी मेकॅनिक!"

*

दुसऱ्या दिवशी गाडीत पडद्याची काठी. काकूंनी ती चाकाला लावून, मध्याच्या चार बोटं खाली, नेलपॉलिशने लाल रेघ ओढली होती. शेखने फुटपाथवरून पुढे जाऊन काठी पाण्यात बुडवायची. रेघ बुडाली की गाडी मागे. अपील नाही!

*

एकदा काठी बुडवताना बघून एक स्कूटरवाला हसत काकांना म्हणाला, "अंकलजी, मछली मिली?" आणि सुर्रकन पाण्यात घुसला. पाच मिनिटांत स्कूटर ढकलत परत. शेखने अगदी गंभीरपणे विचारलं, "मिली?"

*

एकदा आमचे साहेब गाडीत होते आणि पुलाखाली रेघ बुडाली. "निकाल दो यार, मीटिंग है!"

काका म्हणाले, "सर, मीटिंग आपकी है, गाड़ी मेरी."

साहेब आठवडाभर फुगून होते. मग त्यांचा ड्रायव्हर काकांच्या दारात. "साहब ने डंडे का नाप मँगवाया है!"

*

आणि मुक्ताचं लग्न. काकांची एकुलती एक मुलगी, चातुर्मासाआधीचा शेवटचा मुहूर्त, हॉल दिल्लीत पहाडगंजला आणि सकाळपासून धो धो पाऊस. काकू पुढे गेल्या होत्या. नवरीसोबत गाडीत मी आणि शेख.

पुलाखाली पाणी. मुहूर्ताला वीस मिनिटं. काकांनी गिअर टाकला. "घालतो गाडी," ते म्हणाले. "आज नाही मोजायचं."

शेख हलायच्या आत मुंडावळ्या बांधलेली मुक्ता काठी घेऊन उतरली. नऊवारी सावरत फुटपाथवरून गेली, काठी बुडवली.

"बाबा, रेघ बुडाली. वळवा."

काकांनी डोळे पुसले आणि गाडी वळवली. त्या पोरीचा मला फार अभिमान वाटला.

लांबच्या रस्त्याने पोचलो, तेव्हा मुहूर्त टळून गेला होता. पण हॉलमध्ये नवरदेवच नव्हता! गुरुजींनी पंचांगातून त्याच दिवसाची पुढची वेळ काढली, तेवढ्यात तो आला. चालत, कमरेपर्यंत भिजलेला.

मुक्ताने काठी त्याच्या शेजारी उभी धरली. ओल कमरेपर्यंत, लाल रेघ कुठल्या कुठे खाली!

"पाण्यात गाडी कोणी घातली?"

"मीच. समोरची बस गेली, म्हणून..."

मुक्ताने हार बाजूला ठेवला आणि काठी त्याच्या हातात दिली.

"आधी ही धरा. हार मग!"