आत्याचं बटण

ऑकलंडचा जुलै म्हणजे ऐन हिवाळा; गारठा होता आणि सकाळपासून रिपरिप लागली होती. घरी असती तर कालोलाइनेनं चटयांसाठी वाळत टाकलेली केवड्याची पानं ओसरीवरून आत घेतली असती. पण इस्पितळात तिला धड उभं राहता येत नव्हतं. आतड्याचं ऑपरेशन होऊन तिसरा दिवस. काल दोन नर्सनी धरून उठवलं तर तिच्यापुढं भिंतीच गरगर फिरायला लागल्या. अशीच पडून राहिली तर छातीत कफ धरेल, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं.

पलंगाशेजारी दांडीला यंत्र टांगलेलं. दुखलं की बटण दाबायचं, औषध शिरेत जातं.

नर्स आकेसा आली. तीही कालोलाइनेसारखी टोंगा बेटांवरचीच, त्यांच्याच चर्चमधली. बटण किती वेळा दाबलं गेलं तो यंत्रावरचा आकडा बघून थबकली.

"आत्या तर पहाटेपासून घोरतायत. मग बटण कोण दाबतंय?"

"आम्हीच," भाची लोसा म्हणाली. "पाळ्या लावल्यात. माझी झाली की माझा भाऊ विलामी बसतो."

"कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? आत्या आहे ती."

टोंगात बापाची बहीण म्हणजे घरातला शेवटचा शब्द. तिला तहान लागायच्या आधी पाणी पुढं येतं. मग दुखायच्या आधी औषध का नको, एवढाच पोरांचा विचार.

"झोपलेल्या माणसाचा हात बटणावर जात नाही, म्हणून औषध जास्त होत नाही," आकेसा म्हणाली. "तीच त्या यंत्राची राखण. तुम्ही ती काढून घेतलीत. श्वास मंदावला असता म्हणजे?"

लोसानं बटण चादरीवर ठेवलं, पोळतं भांडं ठेवावं तसं.

दुपारी डॉक्टरांनी यंत्र काढलं. आता वेळच्या वेळी गोळ्या, आणि टाक्यांपाशी बधिर करणारं औषध झिरपवणारी बारीक नळी. तिच्या औषधाची डबी गाउनच्या खिशात मावे. संध्याकाळी कालोलाइनेचं डोकं निवळलं.

"दुखतंय," ती म्हणाली. "पण भिंत एका जागी उभी आहे."

तिनं पाय खाली सोडले. लोसा खुर्ची घेऊन धावली, विलामी चपला.

"बसा दोघं. मी परत येईस्तोवर कोणी उठायचं नाही."

आत्याचा शब्द. दोघं बसली, लोसा तर हात मांडीखाली दाबून. आकेसा एक पाऊल मागं राहून सोबत निघाली. पोटाशी उशी धरून कालोलाइने खिडकीपर्यंत गेली आणि परत आली. दुसऱ्या दिवशी जिन्यापर्यंत.

पुढच्या आठवड्यात ती घरी आली तेव्हा ऊन पडलं होतं. ओसरीवर बसून तिनं चटईच्या पानांचं गुंडाळलेलं वेटोळं सोडलं.

"मी करू का?" लोसानं विचारलं.

"मागेन तेव्हा," आत्या म्हणाली, आणि एकेक पान सरळ करू लागली.