बाळू कुठं बिघडला

कुसुमताई पोस्टात काउंटरला होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी त्यांच्याशी बोलताना मला अजून मध्ये जाळी असल्यासारखं वाटतं. आपण विचारायचं, त्यांनी उत्तर द्यायचं आणि आपण बाजूला व्हायचं. जन्म शनिवार पेठेतला. लग्न होऊन कोथरूडला आल्या तेव्हा आमच्या सोसायटीच्या जागी ज्वारी होती, असं त्या सांगतात. ज्वारी कशी होती, म्हणून मी एकदा मोठ्या ओढीनं विचारलं.

"उभी होती," त्या म्हणाल्या.

मी रंगराव, वेल्ह्याकडचा. शाळा सातवीपर्यंत, पुढचं शिक्षण गुरांमागं आणि चावडीवर. गोष्ट सांगायला मला कुणी शिकवलं नाही, त्यामुळं आपल्यासारखी कुणालाच येत नाही असं समजायला मी मोकळा राहिलो. पंचवीसेक वर्षांपूर्वी मुलानं पुण्यात घर घेतलं आणि मला आणलं. इथं माझ्या गोष्टी कुणी मागत नाही. मी सांगतो. पाऊसही डोंगरानं मागितला म्हणून पडत नाही.

आमचं ज्येष्ठ मंडळ दर रविवारी संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये जमतं. यंदा दिगंबरपंतांनी ठराव मांडला की भजन आणि रक्तदाब पुरे, आता ती यंत्राची मालिका बघायची. दिगंबरपंत विमा कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांना कुठल्याही गोष्टीत आधी धोका दिसतो. "नातवंडं जेवताना जे बोलतात त्यातला एक शब्द मला कळत नाही," ते म्हणाले. "आपल्याच घरात परगावचा पाहुणा झालोय मी."

मालिका परदेशी, पण मराठी आवाज दिलेली. जुन्या मालिकेत एक विचार करणारं यंत्र एके दिवशी अख्ख्या शहराची दारं लावून घेतं आणि माणसं आत कोंडतं, हे सगळ्यांना नातवंडांकडून ठाऊक होतं. ही नवी मालिका त्याच्या आधीची. यंत्र नवीन आहे, एका डॉक्टरीणबाईंच्या घरी राहतं, त्यांचं लेकरू सांभाळतं, बोलायला शिकतं. शेवट आधी सांगून झाल्यावर सुरुवात दाखवायची, याला प्रीक्वेल म्हणतात. अशी गोष्ट मी सांगितली असती तर गावानं मला चावडीवरून उठवलं असतं. इथं लोक त्यासाठी महिन्याचे पैसे भरतात.

रिमोट कुसुमताईंकडं. पहिल्याच भागात त्यांनी यंत्राचं नाव बाळू ठेवलं. त्याचं खरं नाव इंग्रजी होतं आणि ते मंडळातल्या कुणाच्याच कवळीला मानवत नव्हतं.

पुण्यात काही पाहिलं की त्यावर बोलावं लागतं, आणि बोलून झालं की अध्यक्षांनी समारोप करावा लागतो. अध्यक्ष मी. माझा मान म्हणून नव्हे. समारोपाची वेळ येईपर्यंत लोकांनी चपला घातलेल्या असतात, म्हणून ती जागा कुणाला नको होती. मला मात्र हवी होती.

लवकरच प्रतिक्रियांना एकच वळण लागलं. बाळू नेमका कुठं बिघडला?

"दूध देताना त्यानं पेला आपटला," दिगंबरपंत म्हणाले. "तिथंच कळतं."

"मला तर त्याचं 'बरं' म्हणणंच आवडलं नाही," ललिताबाई म्हणाल्या. त्यांनी शाळेत गाणं शिकवलेलं. "पंचम लागला की हो त्याचा! नोकराचं 'बरं' असं नसतं."

समारोपात मी वाकड्या कोंबाचं उदाहरण दिलं, नदीच्या उगमाचं दिलं, लहानपणीच शिंगं मारणाऱ्या एका द्वाड पाड्याचं दिलं. पाड्याच्या वेळी हॉलमध्ये मी आणि पंखा उरलो होतो.

चहाला बाहेर बाकावर बसलो की हीच चर्चा पुढं चाले, फक्त बाळूऐवजी केयूरची. केयूर हा कुसुमताईंचा एकुलता एक मुलगा. दोन वर्षांपूर्वी तो स्वतःच्या लग्नातून निघून गेला. मंगल कार्यालयात लोक हातात अक्षता घेऊन बसले होते, मीही होतो. नवरदेव हात धुऊन येतो म्हणाला आणि मुंडावळ्या खिशात घालून बसनं स्वारगेटला गेला. जेवण झालं, पुण्यात केलेला स्वयंपाक वाया घालवत नाहीत. मुलीचं पुढं चांगल्या घरी लग्न झालं, ती सुखात आहे. केयूर बंगळूरला नोकरीला गेला, तो परत आलाच नाही. आणि सोसायटी त्याचं बालपण उकरत बसली. आउट झाला की बॅट घेऊन घरी जायचा. शिकवणीचे वर्ग दोनदा बदलले. ललिताबाईंच्या मते गाण्यात तो समेआधीच थांबायचा.

माझा पुरावा सर्वांत भारी होता. "सहा वर्षांचा असताना हे पोरगं माझ्या गोष्टीतून मधेच उठून गेलं," मी सांगायचो. "राक्षस गुहेच्या तोंडाशी आलेला असताना! चाळीस वर्षांत माझ्या गोष्टीतून कुणी उठलं नव्हतं. मी तेव्हाच ओळखलं."

हे मी इतक्या वेळा आणि इतक्या रंगून सांगितलं होतं की त्या राक्षसाला शेवटी शेवटी दाढी आली होती.

एका रविवारी पडद्यावर रात्र होती. लेकरू झोपताना बाळूला विचारतं, "तू उद्या असशील ना?" बाळू क्षणभर गप्प राहतो, मग "हो" म्हणतो.

"इथं!" मी खुर्चीतून उठलो. "धरा, इथं बिघडला!"

"बरोब्बर," दिगंबरपंत म्हणाले. ललिताबाईंनी टाळी दिली.

कुसुमताईंनी रिमोट दाबला. चित्र थांबलं.

"रंगराव, तुम्हाला तुमच्या नातीनं हेच विचारलं तर तुम्ही लगेच हो म्हणाल?"

"म्हणजे काय? लगेच."

"ब्याऐंशीचे आहात. जरा थांबून म्हणा." मग त्या सगळ्यांकडं वळल्या. "शेवट ठाऊक आहे म्हणून तुम्हाला पेल्यात दिसतं, 'बरं' मध्ये दिसतं. ठाऊक नसता, तर हाच बाळू तुम्ही आपापल्या नातवंडांना सांभाळायला मागितला असता. आणि फुकट मागितला असता." माझ्याकडं बोट आलं. "आणि केयूर त्या दिवशी तुमच्या गोष्टीतून उठला, कारण त्याला शू लागली होती."

त्या रविवारी समारोप झाला नाही.

दोन दिवसांनी कुसुमताई जिन्यात भेटल्या. हातात पालेभाजीची पिशवी. मी भिंतीला लागून जागा दिली. त्या थांबल्या.

"केयूर येतोय."

"वा! कधी?"

"अंधार पडल्यावर टॅक्सीनं येतो म्हणत होता, आणि उजाडायच्या आत परत. आईला भेटायला चोरासारखा. मी सांगितलं, तसं येणार असशील तर येऊच नकोस. रविवारी मालिका चालू असताना हॉलमध्ये ये. सगळे एका जागी असतात. सगळ्यांचं एकदाच बघून होऊ दे, म्हणजे मग तू माझ्या घरी सुखानं जेवशील, दूध आणायला खाली उतरशील." पिशवीतली मेथी त्यांनी उगाच आत ढकलली. "हे बिनसलं ना, तर तो परत येणार नाही. तेव्हा अध्यक्ष, तुम्ही तोंड आवरायचं. त्याच्याविषयी एक अक्षर नाही."

"ताई, माझ्या जिभेवर माझा ताबा आहे," मी म्हणालो.

"आजवर दिसला नाही," म्हणून त्या वर गेल्या.

रविवारी शेवटचा भाग होता. बातमी कशी फुटली कोण जाणे, एरवी न येणारेही आले. मी फोडणाऱ्यांत नव्हतो. सुनेला सांगितलं होतं तेवढंच.

भाग रंगात असताना केयूर आला. जरा जाडला होता, कानाजवळ पांढरे केस. दाराशी चप्पल काढून भिंतीला टेकून उभा राहिला. पडद्यावर बाळू पहिलं दार लावत होता आणि एकही मान पडद्याकडं नव्हती. कुसुमताई तेवढ्या सरळ समोर बघत होत्या, पाठ ताठ, काउंटरवर बसल्यासारख्या.

मालिका संपली. बाळूनं दार का लावलं ते सांगितलंच नाही. लावलं, आणि अंधार.

"हा काय शेवट?" ललिताबाई म्हणाल्या.

"कारण नको? आठ आठवडे आम्ही काय..." दिगंबरपंत कुणाशी भांडावं ते शोधत होते.

मी उभा राहिलो. मनात घोकून ठेवलं होतं, केयूरविषयी एक अक्षर नाही. पण समोर भरलेला हॉल, कुणाच्या पायात चपला नाहीत, असा श्रोता मला पुण्यात कधीच मिळाला नव्हता. जीभ आपल्या जुन्या वाटेनं चालू लागली, बैल तंद्रीत घरी जातो तशी.

"आता," मी म्हणालो, "आपले पाहुणे केयूर दोन मिनिटं आपली प्रतिक्रिया मांडतील."

कुसुमताईंनी माझ्याकडं पाहिलं. ती नजर मी सरणावरही बरोबर नेणार आहे.

केयूर भिंतीपासून सुटला. "मी शेवटची दहा मिनिटंच पाहिलीय," तो म्हणाला. "मशीन चांगलं वाटलं. मराठी जरा हळू बोलतं."

कुणी हसलं नाही. दिगंबरपंतांनी चष्मा काढला. "ते राहू दे. तू का पळालास ते सांग. आम्ही अक्षता धरून बसलो होतो रे."

"काका, भीती वाटली."

"कसली?"

"माहीत नाही. मुंडावळ्या बांधल्या आणि श्वास पुरेना. तिची काही चूक नव्हती. तिला सांगायला हवं होतं, ते मी नंतर सांगितलं, माफी मागितली. तुम्हाला सांगायचं राहिलं."

"एवढंच?"

"एवढंच."

दिगंबरपंतांचा चेहरा बाळूनं दार लावल्यावर झाला होता तसाच पुन्हा झाला. दोन वर्षांचं संशोधन, शिकवण्या, बॅटी, समा, माझा दाढीवाला राक्षस, सगळं 'भीती' या एका शब्दात बसलं आणि वर जागा उरली. मला वाटलं, आता अध्यक्षांनी काहीतरी बोललं पाहिजे. भीतीवर माझ्याकडं चांगलं होतं, रानातली एक वाट होती, चांदणं होतं. मी घसा साफ केला.

"रंगराव, बसा," कुसुमताई म्हणाल्या. मी बसलो. मग मंडळाला, "झालं समाधान? आता खुर्च्या उचला. सात वाजता योगवाले येतात."

लोक उठले. केयूर दाराकडं वळलेला, निघावं की थांबावं अशा पायांनी. त्याच्या आईनं त्याला थांब म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. रिमोट दोन्ही हातांत धरून ती त्याच्या पायांकडं बघत होती.

दिगंबरपंत लांब बाकाच्या एका टोकाशी गेले, वाकले, आणि बाक उचलेना म्हणून सरळ झाले.

"अरे, बघतोस काय? धर तिकडून," ते केयूरला म्हणाले. "नीट धर. आणि पळू नकोस, माझ्या पायावर पडेल."

पहिल्या हसल्या त्या कुसुमताई.